सुई मुलाला, कळ आईबापांना

सात-आठ वर्षांचं मूल सारखं पाणी मागू लागतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतं, कितीतरी वर्षांनी एखाद्या रात्री अंथरूण ओलं करतं. चड्डी कमरेवरून घसरायला लागली की घरचे म्हणतात, उंची वाढतेय म्हणून वाळलाय. तहान लागते ती उन्हाळ्यामुळे. मग एके दिवशी उलट्या सुरू होतात, पोट दुखतं, धाप लागते आणि दवाखाना गाठेपर्यंत मूल ग्लानीत गेलेलं असतं. रक्तातली साखर ५०० च्या पुढे, लघवीत किटोन. अतिदक्षता विभागातले दोन-तीन दिवस पार पडले की डॉक्टर आईबाबांना समोर बसवून सांगतात, टाइप वन डायबिटीस आहे, इन्सुलिन आयुष्यभर घ्यावं लागेल. आठवडाभरात हे कुटुंब इन्सुलिनची पेनं, ग्लुकोमीटर, स्ट्रिप्सचे डबे आणि सूचनांची वही घेऊन घरी परततं.

त्या वहीत मुलाबद्दल सगळं लिहिलेलं असतं. कधी किती युनिट, जेवणाआधी किती मिनिटं, साखर ७० च्या खाली गेली तर काय, २५० च्या वर गेली तर काय. हे सगळं दिवसरात्र करायचं आहे त्या दोन माणसांच्या मनाचं काय करायचं, याची ओळ सहसा त्यात नसते. टाइप वनच्या उपचारातली ही मोठी उणीव आहे असं मला वाटतं. या आजारात रोजचे निर्णय डॉक्टर घेत नाहीत, आईबाप घेतात, आणि ज्याच्या हातात निर्णय आहेत त्याचं मन थकलं की त्याचा परिणाम मुलाच्या रक्तात दिसतो.

टाइप वन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटते आणि तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन नसेल तर जेवणातली साखर रक्तात साठत राहते आणि पेशी उपाशी राहतात. निरोगी शरीरात स्वादुपिंड क्षणाक्षणाला मोजून इन्सुलिन सोडत असतं. ते थांबलं की तेच काम बाहेरून, सुईने, अंदाजाने करायचं. दिवसाला किमान चार इंजेक्शनं धरली तरी वर्षाला १,४६० होतात. साखर तपासायला बोटं टोचायची ती वेगळीच.

यातला अंदाज हाच सगळ्यात कठीण भाग असतो. मुलाने एक पोळी खाल्ली की दीड, वरण किती घेतलं, ताटातला भात टाकला का, खेळायला गेला का, सर्दी झाली आहे का, उद्या परीक्षा आहे म्हणून घाबरलाय का, या प्रत्येक गोष्टीने साखर हलते. इन्सुलिन थोडं जास्त पडलं तर साखर धोक्याच्या खाली जाते, कमी पडलं तर वर. कालचाच डोस, कालचंच जेवण, तरीही आज वेगळा आकडा येतो. चार वर्षांच्या मुलाने इन्सुलिन घेतल्यावर जेवायला नकार दिला तर त्या आईच्या पोटात काय कालवाकालव होते, ते ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून कळणं अवघड आहे. इतर घरांत मूल जेवलं नाही तर आई चिडते. या घरात मूल जेवलं नाही तर आई घाबरते.

आणि मग रात्र येते. शाळेत क्रीडास्पर्धा झाली असेल, मूल दिवसभर धावलं असेल, तर स्नायू रात्री उशिरापर्यंत रक्तातली साखर ओढत राहतात आणि झोपेत साखर उतरू शकते. म्हणून आई दोनचा गजर लावते. मोबाइलच्या उजेडात मुलाचा हात पांघरुणातून बाहेर काढते. बोटाच्या टोकाच्या कडेला टोचते, कारण मधोमध टोचलं तर जास्त दुखतं. थेंब स्ट्रिपला लावते. पाच सेकंद. मीटरवर ५८ दिसतं. आता मुलाला अर्धवट जागं करून बसवायचं, साखर विरघळवलेलं पाणी घोटघोट पाजायचं, तो “नको ना गं” म्हणत तोंड फिरवणार. मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम म्हणजे तीनेक चमचे साखर लागते. लहानग्याला वजनानुसार कमी, किती ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं. मग पंधरा मिनिटं थांबून पुन्हा टोचायचं. या पंधरा मिनिटांत झोपणं शक्य नसतं. दुसऱ्यांदा ९२ येतं. मूल पुन्हा गाढ झोपतं, आई मात्र साडेतीनपर्यंत त्याच्या कपाळाला हात लावून घाम आलाय का ते बघत राहते. सकाळी सहाला डबा करायचा असतो.

साखर उतरण्याच्या या भीतीचा संशोधकांनी स्वतंत्रपणे अभ्यास केला आहे, ती मोजण्याच्या प्रश्नावल्याही आहेत, त्यात पालकांसाठी वेगळ्या. भीती फार वाढली की आईबाप नकळत मुलाची साखर मुद्दाम थोडी वर ठेवू लागतात. रात्री १८० असली की निदान झोप तरी लागते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण वर्षानुवर्षं साखर वर राहिली तर डोळे, मूत्रपिंड, नसा यांना धोका वाढतो, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने पक्कं दाखवून दिलं आहे. म्हणजे पालकांची भीती कमी करणं हा उपचाराचाच भाग ठरतो. “घाबरू नका” म्हटल्याने ती कमी होत नाही. साखर उतरल्यावर, म्हणजे ‘लो’ झाल्यावर नक्की काय करायचं हे हाताला सवयीचं झालं की कमी होते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, साखर वाढवणारं ग्लुकागॉन हे औषध जवळ असेल आणि ते द्यायला शिकवलं असेल तर द्यायचं आणि लगेच रुग्णालय गाठायचं, हे घरातल्या चौघांना तोंडपाठ असेल तर आईच्या छातीवरचं ओझं खरोखर हलकं होतं. रक्तातल्या साखरेवर सतत लक्ष ठेवणारे सेन्सर आता भारतातही मिळतात. दंडावर लावलेला सेन्सर चौदा दिवस चालतो, काही प्रकारांत साखर उतरली की मोबाइलवर इशारा येतो. परवडत असेल तर जरूर वापरावा. पण त्याचीही एक बाजू आहे. ऑफिसात बसून दर पाच मिनिटांनी मुलाचा आलेख बघणारे बाबा सुटण्याऐवजी गुंततच जातात. इशारे कोणत्या आकड्याला वाजावेत आणि शाळेच्या वेळेत कोणी बघायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवून घेतलेलं बरं.

भीतीइतकीच खोल असते अपराधाची भावना. “माझंच काहीतरी चुकलं” हे वाक्य बहुतेक प्रत्येक आईच्या मनात घर करतं, आणि ते घट्ट करायला आजूबाजूची माणसं हातभार लावतात. गरोदरपणात काय खाल्लंस? लहानपणी चॉकलेटं फार दिली असतील. तुमच्या माहेरी कोणाला आहे का? तेव्हा इथे स्पष्टच सांगायला हवं. साखर किंवा गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही. आईच्या डोहाळ्यांनी होत नाही. मुलाला ओरडल्याने, मारल्याने, धक्का बसल्यानेही होत नाही. पेशींवरचा हा हल्ला लक्षणं दिसण्याच्या कितीतरी महिने, बहुधा वर्षं आधी सुरू झालेला असतो. तो का सुरू होतो याची काही कारणं जनुकांत आहेत, काही बाहेरच्या वातावरणात, पण आईबापांनी अमुक केलं असतं तर टळला असता, असा उपाय आज कोणाकडेही नाही. निदान होणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार कोणालाच नसतो. एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होईलच असं नाही. हे सगळं डॉक्टरांनी निदानाच्याच दिवशी, आजी-आजोबांना खोलीत बोलावून, मोठ्याने सांगावं. सासूबाईंसमोर डॉक्टर बोलले की आईला नंतर घरात स्वतःची बाजू मांडत बसावं लागत नाही.

पालकांच्या मनावरचा ताण किती सर्वत्र आहे, याचा एक अंदाज येल विद्यापीठातल्या रॉबिन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यातून येतो. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हा निदानाच्या सुमारास सरासरी ३३.५ टक्के पालक मानसिक त्रासात असल्याचं दिसलं. एक ते चार वर्षांनंतरही १९ टक्के पालकांचा त्रास टिकून होता. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महिन्यात घरी येणारी-जाणारी माणसं असतात, फोन असतात, डबे येतात. तिसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, मूल शाळेत जातं, हसतं, क्रिकेट खेळतं. आत आई दर वाढदिवसाला, दर सहलीच्या पत्रकाला, वर्गातल्या दुसऱ्या मुलाने बेफिकीर उसाचा रस प्यायलेला दिसला की पुन्हा एकदा तुटते.

या पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या दुःखाबद्दल सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये लिहिलं. मतिमंद मुलांच्या पालकांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की या पालकांचं दुःख शोकाच्या नेहमीच्या टप्प्यांनी जाऊन संपत नाही. ते आयुष्यभर येत-जात राहतं, आणि ते स्वाभाविक आहे, आजार नाही. पुढे टाइप वनच्या मुलांच्या पालकांबद्दल लिहिणाऱ्यांनीही हाच विचार लावून पाहिला. आपल्याकडे “आता तरी सावर”, “किती दिवस रडत बसणार” असं म्हणायची पद्धत आहे. त्या आईला हे समजायला हवं की तीन वर्षांनी रडू आलं म्हणजे ती कमकुवत नाही. तिने मूल सांभाळलं आहे, शाळा सांभाळली आहे, आणि दुःखही सांभाळते आहे.

नातेवाइकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे आधार आणि घाव दोन्ही तिथूनच येतात. गणपतीत सगळे गावच्या घरी जमतात. पानात उकडीचे मोदक येतात. कोणीतरी काकू प्रेमानेच म्हणतात, “अगं, याला नको वाढू, याला शुगर आहे ना!” आणि ते पोर सगळ्या भावंडांदेखत मान खाली घालतं. त्याची आई तोपर्यंत मोदकातल्या गुळाचा आणि तांदळाच्या पिठीचा हिशोब करून इन्सुलिन देऊन बसलेली असते. आता मोदक न खाणं हाच धोका आहे. टाइप वनच्या मुलाला सणाला गोड वर्ज्य नाही. मोजून खायचं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घ्यायचं, हे नियम पाळले की तो पंगतीत बसू शकतो. काकूंना मदत करायची असेल तर सोपं आहे: मोदक किती मोठे आहेत, सारणात गूळ किती घातला, हे आधी आईला सांगावं आणि वाढायला पाच-दहा मिनिटं उशीर करावा लागला तर कुरकुर करू नये.

याहून गंभीर धोका दुसऱ्या एका प्रेमातून येतो. “एवढ्याशा जिवाला सुया काय टोचता? आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, त्यांच्या पुडीने इन्सुलिन सुटलेली माणसं आहेत.” हे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि नेमकं त्याच वेळी शरीर एक फसवा खेळ खेळत असतं. निदानानंतर इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना थोडी उसंत मिळते आणि काही आठवडे किंवा महिने त्या पुन्हा थोडं इन्सुलिन बनवू लागतात. डॉक्टर याला हनीमून काळ म्हणतात. डोस एकदम कमी होतो, साखर आपोआप आटोक्यात दिसते. या काळात पुडी सुरू केली असेल तर श्रेय तिला जातं, आणि आईबापांच्या मनात आशा फुलते. नंतर पेशी पूर्ण संपतात. तेव्हा इन्सुलिन बंद असेल तर मूल काही दिवसांत किटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे किटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याच्या अवस्थेत जातं आणि जीव जाऊ शकतो. म्हणून हनीमून काळाबद्दल पालकांना आधीच सांगून ठेवणं हासुद्धा त्यांच्या मनाला दिलेला आधार आहे. आशेचा चढ कुठे आहे आणि उतार कुठे येणार हे माहीत असलं की पडण्याचा मार कमी बसतो. कोणताही पूरक उपाय करायचा असेल तर करा, पण इन्सुलिनचा एक युनिटही डॉक्टरांना न विचारता कमी करू नका.

इन्सुलिनच्या सुईकडे आपण शिक्षा म्हणून बघतो, तेव्हा १९२२ च्या आधीचे आईबाप आठवावेत. इन्सुलिन येण्याआधी या मुलांना जगवण्याचा एकच मार्ग होता, उपाशी ठेवण्याचा. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज हिला ११ व्या वर्षी मधुमेह झाला. डॉ. फ्रेडरिक अॅलन यांच्या अत्यल्प आहारावर ती तीन वर्षं जगली. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचं वजन जेमतेम वीस-बावीस किलो उरलं होतं. मुलीने भुकेलं राहावं यासाठी पहारा देणं, हे त्या आईबापांचं काम होतं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. अर्क अशुद्ध असल्याने तो प्रयत्न फसला. शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला आणि त्याची साखर उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथला तिच्या आईने टोरंटोला, इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे नेलं. ती जगली, पदवीधर झाली, लग्न केलं, तीन मुलांची आई झाली आणि १९८१ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी वारली; तोवर तिने सुमारे ४२ हजार इंजेक्शनं घेतली होती. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. शाळांनी त्या दिवशी फुगे लावण्याबरोबर वर्गशिक्षकांना टाइप वनबद्दल अर्धा तास माहिती दिली तर फार मोठं काम होईल.

आता घराच्या आत. मीटरवरचा आकडा दिसताच आईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मूल बघत असतं. २८० आले की “काय खाल्लंस? खरं सांग!” हा प्रश्न आपसूक निघतो. असं चार-पाच वेळा झालं की मूल आकडा लपवायला शिकतं, वहीत खोटे आकडे लिहितं, तपासायचंच टाळतं. आणि तिकडे आईही तो आकडा स्वतःला मिळालेले मार्क असल्यासारखा वाचत असते. तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल येतो तेव्हा तर तिचीच वार्षिक परीक्षा. हे फिरवायचं असेल तर सुरुवात एका छोट्या वाक्यापासून करता येते: “बरं झालं तपासलंस. आता काय करूया?” आधी तपासण्याचं कौतुक, मग उपाय, आणि चौकशी नंतर, शांतपणे. हेच डॉक्टरांनीही आईबापांशी करायला हवं. अहवाल ९ आला म्हणून “तुम्ही लक्ष देत नाही” असं ओपीडीत मुलादेखत ऐकवलं गेलं तर पुढच्या भेटीला ती आई येईल की नाही याची खात्री नाही. त्याऐवजी तिला विचारावं, गेल्या तीन महिन्यांत सगळ्यात अवघड काय गेलं?

बाबांबद्दल. आपल्याकडे बहुतेक घरांत पेन आणि मीटर आईच्या हातात असतं आणि बाबा पैशाची बाजू बघतात. ती बाजू लहान नाही. एकेक स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांना पडते, इन्सुलिन, सुया, सेन्सर, दर तीन महिन्यांची तपासणी. पगारदाराचं महिन्याचं गणित कोलमडतं, रोजंदारीवरच्या माणसाचं तर मोडूनच पडतं. बरेचदा बाबा मूक होतात, उशिरा घरी येऊ लागतात, आणि आईला वाटतं त्यांना काही पडलेली नाही. खरं तर दोघंही एकाच गोष्टीने घाबरलेले असतात, फक्त दोन वेगळ्या खोल्यांत. इथे सल्ल्यापेक्षा वाटणी उपयोगी पडते. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री बाबांच्या. त्या रात्री गजर त्यांच्या उशाशी, निर्णयही त्यांचा, आणि सकाळी आईने “एवढं का दिलंत?” विचारायचं नाही. सुरुवातीला आकडे थोडे इकडेतिकडे होतील. होऊ द्यावेत.

दुसरं भावंड असेल तर तेही बघत असतं. दादाला “काय खाल्लंस” असं विचारतात, मला कोणी विचारतच नाही, असं सहा वर्षांच्या मुलीला वाटू शकतं. किंवा मला पण होईल का, याची भीती ती कोणाला न सांगता बाळगते. तिच्याशी बोलायचं, आणि आठवड्यातला थोडा वेळ फक्त तिचा ठेवायचा.

मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की लढाईचं रूप बदलतं. पौगंडावस्थेत वाढीच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, तेवढ्याच डोसला साखर चढते. त्यात मुलाला वेगळं दिसायचं नसतं, मित्रांसमोर सुई काढायची लाज वाटते. आईबाप एक तर सगळं एकदम त्याच्यावर सोडून देतात, “आता मोठा झालास, तुझं तू बघ”, नाहीतर पोलिसासारखे मागे लागतात. १९९० च्या दशकात बोस्टनच्या जॉस्लिन डायबिटीस सेंटरमध्ये बार्बरा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. किशोरवयीन मूल आणि पालक यांनी जबाबदारी जोडीने वाटून घ्यायला शिकवलं, तेव्हा घरातली भांडणं कमी झाली आणि साखरेचा ताबाही टिकला. म्हणजे डोस मुलाने स्वतः ठरवायचा, पण रात्री जेवणाआधी दोघांनी मिळून मीटर बघायचं. पंधराव्या वर्षी आईचा हात पूर्ण काढून घेणं घाई आहे.

मुलगी असेल तर आणखी एक काळजी निदानाच्या दिवसापासूनच आईबापांच्या मनात बसते: हिचं लग्न कसं होणार? म्हणून कितीतरी घरांत आजार लपवला जातो. शाळेला सांगत नाहीत, शेजाऱ्यांना सांगत नाहीत, मुलगी बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घेते. लपवण्याची ही किंमत फार जबर असते. शाळेत लो झालं तर शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला काही माहीत नसतं. आणि मुलगी शिकते की आपल्यात लाजण्यासारखं काहीतरी आहे. टाइप वन असलेल्या स्त्रिया शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, नीट देखरेखीखाली निरोगी बाळांना जन्म देतात. मुलग्यांना सांगायचं असेल तर क्रिकेटपटू वसीम अक्रमचं उदाहरण आहे. १९९७ मध्ये निदान झाल्यावरही तो पुढे कित्येक वर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला.

शाळेचा प्रश्न लेखी सोडवावा. वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि मुख्याध्यापक यांना एका पानावर लिहून द्यावं: लो झालं की कसं दिसतं (घाम, थरथर, चिडचिड, गोंधळलेलं बोलणं), दप्तरात साखर कुठे आहे, किती द्यायची, एकटं सोडायचं नाही, कोणाला फोन करायचा. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने या मुलांना वर्गात साखर तपासू देण्याची, इन्सुलिन घेऊ देण्याची आणि मधल्या वेळेत खाऊ देण्याची सूचना केली आहे, आणि सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेत टाइप वनच्या विद्यार्थ्यांना खाण्याचे पदार्थ आत नेण्याची मुभा दिली आहे. शाळा अडवत असेल तर हे दाखवता येतं. मदत मागायला जाणं आणि हक्क सांगायला जाणं यांत पालकांच्या मनाला फार फरक पडतो.

तरीही मला सगळ्यात मोठा आधार वाटतो तो दुसऱ्या आईबापांचा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अॅटलासनुसार भारतात २० वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलं-मुली टाइप वनसह जगतात. तरीही तालुक्याच्या गावातल्या आईला वाटतं, अख्ख्या जगात हे आपल्याच नशिबी आलं. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची उडान यांसारख्या संस्था गरजू मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण देतात, आणि पालकांना एकमेकांसमोर आणून बसवतात. अशा मेळाव्यात एखादी शेतमजूर आई दुसरीला सांगते, आमच्याकडे फ्रिज नाही, मी मडक्यात इन्सुलिन ठेवते, वाळूवर पाणी शिंपडते. उन्हाळ्यात हे उपयोगी पडतं, हे अभ्यासांतही दिसलं आहे. दुसरी सांगते, माझी मुलगी आता बारावीला आहे. आठ वर्षं या आजाराबरोबर काढलेली आई समोर धडधाकट बसलेली बघणं, यातून जे मिळतं ते कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. आपल्या डॉक्टरांना सांगा की तुमच्याकडे येणाऱ्या आणखी एखाद्या कुटुंबाशी, त्यांची संमती घेऊन, आमची ओळख करून द्या. बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात.

आणि कधी कधी एवढंही पुरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, मुलाला इंजेक्शन देताना हात थांबत असेल, रोज रडू येत असेल, जगण्याची इच्छाच उरली नाही असं वाटत असेल, तर ते नुसतं दमणं नव्हे, त्यावर उपचार असतात. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. मुलाच्या दर तीन महिन्यांच्या तपासणीत आईबापांनाही “तुम्ही कसे आहात?” हे विचारणं डॉक्टरांनी नेमाचं करून टाकावं.

शेवटची विनंती मात्र आत्या, मामा, काका, मावशी, आजी-आजोबा आणि शेजाऱ्यांना. तुमच्या ओळखीच्या घरात असं मूल असेल तर धीर द्यायला जाऊ नका, शिकायला जा. मीटर कसं वापरायचं, पेनवर युनिट कसे फिरवायचे, सुई कुठे टोचायची, लो झालं तर काय करायचं, हे आईकडून शिकून घ्या. तासाभराच्या दोन-तीन बैठकांत जमतं. मग एखाद्या शनिवारी त्या मुलाला आपल्या घरी झोपायला न्या आणि त्या रात्री गजर तुमच्या मोबाइलवर लावा.